अडुळशाचा अपमान

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात एका घरी वाण म्हणून अडुळशाचं रोप मिळालं. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटून लुटून कंटाळलेल्या आम्हा बायकांना ते मनापासून आवडलं. काळ्या पिशवीत वीतभर रोप, लांबट गर्द पानं आणि पिशवीला लोकरीच्या धाग्याने बांधलेली एक छापील चिठ्ठी. घरी येऊन चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली आणि तिळगुळाने गोड झालेलं तोंड कडू झालं.

चिठ्ठीत चार वाक्यं होती. अडुळसा संपूर्ण नैसर्गिक, म्हणून त्याचा कसलाही अपाय नाही. तान्ह्या बाळापासून गरोदर बाईपर्यंत सगळ्यांना चालतो. क्षयसुद्धा याने बरा होतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: छिंदवाडा विसरू नका, इंग्रजी औषधांचं विष घरात आणू नका.

ज्या वहिनींनी हे वाण लुटलं त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्या मनाने सोन्यासारख्या आहेत. मजकूर मोबाइलवर आला, चांगला वाटला, छापून घेतला. पण त्याच संध्याकाळी सातवा महिना लागलेली एक मुलगीही ते रोप आणि ती चिठ्ठी घेऊन घरी गेली. म्हणून गप्प बसवत नाही. हा प्रतिवाद वहिनींचा नव्हे, त्या चार वाक्यांचा आहे.

अडुळसा म्हणजे थोतांड, असं मला म्हणायचं नाही. मी अडुळशावरच वाढले. खोकला झाला की आई परसातली चार-पाच जून पानं तोडायची, धुऊन वाफवायची आणि वरवंट्याखाली चेचून फडक्यातून पिळायची. कच्च्या पानाचा रस सहज सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. आयुर्वेदात याच कामासाठी पुटपाकाची कृती सांगितली आहे, हे मला फार पुढे कळलं. चमचाभर हिरवट रस, वर मध. तो कडूपणा अजून जिभेवर आहे.

माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ही चिठ्ठी अडुळशाला मोठं करत नाही, खुजं करते. जी वस्तू कुणीही, कधीही, कितीही घेतली तरी काहीच बिघडत नाही, तिने काही सुधारतही नाही. जे शरीरात काही घडवून आणतं, ते चुकीच्या माणसात, चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत काही बिघडवणारच. ‘अपाय नाही’ हे शिफारसपत्र आपण साध्या पाण्यालाही देऊ शकत नाही, मग औषधाला कसं देणार?

खेड्यापाड्यांत ही गोष्ट शेळीलाही कळते. शेताच्या कुंपणाला अडुळसा लावतात तो उगीच नव्हे. दिसेल तो पाला ओरबाडणारी शेळी त्याला तोंड लावत नाही. फळं पिकत घालताना त्याची पानं खाली-वर पसरायची रीत आहे, कारण किडामुंगी त्यांच्या वाटेला जात नाही. या झाडात काहीतरी आहे. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा शोध सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला.

१८८८ साली डेव्हिड हूपर या संशोधकाने अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. वासा या संस्कृत नावावरून त्याला व्हॅसिसीन म्हणू लागले. पुढे १९६०च्या दशकात जर्मनीत त्याच रेणूच्या धर्तीवर ब्रोमहेक्सीन तयार झालं. छातीत घट्ट बसलेला कफ पातळ करून सुटा करणं हे त्याचं काम. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्सीनचं जे रूपांतर होतं त्यातलं एक अँब्रोक्सॉल, तेही नंतर स्वतंत्र औषध म्हणून आलं. आज इंदूरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात कफाच्या बाटल्या उलटून पाहा, ही दोन नावं पुन्हा पुन्हा सापडतील. म्हणजे चिठ्ठीतलं चौथं वाक्य प्रामाणिकपणे पाळायचं ठरवलं, तर आजोबांना अंगणात लावून नातवाला घराबाहेर काढल्यासारखं होईल.

नातवाला एक गोष्ट मात्र जमते, जी आजोबांना जमत नाही. ब्रोमहेक्सीनच्या नेहमीच्या गोळीत आठ मिलिग्रॅम औषध असतं, आज आणि उद्या, इंदुरात आणि इचलकरंजीत. पानातलं व्हॅसिसीन ऋतूप्रमाणे, मातीप्रमाणे आणि पानाच्या वयाप्रमाणे कमी-जास्त होतं. आईचा चमचा एकच होता, त्यातलं औषध रोज वेगळं होतं. यात आईचा दोष नाही आणि पानाचाही नाही. पण हे कळल्यावरही ‘कितीही घ्या’ म्हणणं हा दोष आहे.

आता त्या सातव्या महिन्याच्या मुलीकडे येते, कारण चारही वाक्यांत सगळ्यात घातक वाक्य तिच्यासाठीचं आहे. व्हॅसिसीन गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं. ही कुणा अडुळसाद्वेष्ट्याची कुजबुज नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० आणि ८०च्या दशकांत व्हॅसिसीनचा जो मोठा अभ्यास झाला, तो याच गुणासाठी झाला. प्रसूतीच्या वेळी कळा आणणारं, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं देशी औषध यातून मिळेल का, हा त्या शास्त्रज्ञांचा प्रश्न होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भपात झाल्याच्या नोंदीही त्याच कामातल्या. जुन्या वैद्यकालाही हे अनोळखी नव्हतं. सुखाने प्रसूती व्हावी म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप सांगितला आहे. ज्या झाडाचं मूळ बाळंतपण सोपं व्हावं म्हणून वापरायचं, त्याचाच रस सातव्या महिन्यात बेधडक प्यायला सांगणाऱ्याने ना प्रयोगशाळा पाहिली, ना पोथी.

तान्ह्या बाळाची गोष्टही तशीच. अडुळशाचा रस नुसता कुणी देत नाही, मधातून देतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला जगभर एकच आहे. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट पडून राहतात, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि त्यांचं विष स्नायू लुळे पाडतं. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बाळाला दूध ओढता येत नाही आणि पुढे श्वासही घेता येत नाही. हा मधही शंभर टक्के नैसर्गिकच असतो.

तिसरं वाक्य क्षयाचं. इथे मला इंदूरहून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर असलेल्या देवासला जावं लागेल.

कुमार गंधर्व ३० जानेवारी १९४८ ला देवासला राहायला आले. नुकतंच लग्न झालेलं, वय चोविसाच्या आत, नाव देशभर झालेलं आणि फुप्फुसात क्षय. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून इथे आले. गाण्याला सक्त मनाई. पुढची पाच-सहा वर्षं हा माणूस गायला नाही. अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची, भिकाऱ्यांची, जोग्यांची माळवी गाणी ऐकत राहिला. त्या ऐकण्यातून पुढे काय उभं राहिलं ते मराठी वाचकाला मी सांगायची गरज नाही. पत्नी भानुमतीबाई त्यांची शुश्रूषा करत होत्या. हवा होती, विश्रांती होती, पथ्य होतं, आणि माळव्यात अडुळशाला तोटा कधीच नव्हता. पण कुमारजींना मैफिलीत परत आणलं ते स्ट्रेप्टोमायसीनने. एक फुप्फुस निकामी झालं होतं, तरी १९५३ मध्ये ते पुन्हा गायले आणि १९९२ च्या जानेवारीपर्यंत जगले.

हवा आणि विश्रांती यांनीच रोगी बरे होत नव्हते कशावरून, असं कुणी विचारील. हा प्रश्न ब्रिटनमध्ये, कुमारजी देवासला आले नेमक्या त्याच वर्षी, मोजून सोडवला गेला. १९४८ साली तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ क्षयरोग्यांवरच्या चाचणीचा निष्कर्ष छापला. ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसीन, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. आणखी एक गोष्ट त्यातूनच पुढे आली: एकट्या स्ट्रेप्टोमायसीनला जंतू लवकर सरावतात. म्हणून पुढे दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत पडली. जे औषध जीव वाचवत होतं त्याचा उणेपणा त्या औषधाच्या बाजूच्या लोकांनीच उघड मांडला. आमच्या चिठ्ठीत उणेपणाचा एक शब्दही नाही, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटते.

स्ट्रेप्टोमायसीन आलं कुठून? मातीतून. १९४३ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रट्गर्समध्ये, सेल्मन वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाने मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवापासून ते मिळवलं. म्हणजे कुमारजींना वाचवणारं ‘इंग्रजी’ औषध मुळात मातीचंच देणं होतं, तुळशीवृंदावनातल्या मातीइतकं नैसर्गिक. आणि या नैसर्गिक औषधाचा सर्वांत कुप्रसिद्ध अपाय कुठे होतो? आतल्या कानाला. तोल जातो, ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. ज्याचं सगळं आयुष्य श्रुतींच्या बारकाव्यावर उभं आहे अशा गायकाला कानावर घाला घालू शकणारं औषध द्यायचं! तरीही दिलं, कारण न देण्याची किंमत त्याहून मोठी होती. अपाय माहीत असणं, तो मोजणं, त्यावर डोळा ठेवणं आणि मग द्यायचं ठरवणं, याला मी औषधोपचार म्हणते. ‘नैसर्गिक आहे, घ्या’ याला उपचार म्हणत नाहीत, आग्रह म्हणतात. आग्रह पंगतीत शोभतो.

अडुळशाच्या बाजूचा पुरावाही मी लपवणार नाही. ब्रोमहेक्सीन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ प्रयोगशाळेतल्या काचपात्रात रोखतात, असं दाखवणारा शोधनिबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. शतकानुशतकं वैद्य क्षयाच्या खोकल्यात अडुळसा देत आले, त्यात काही तथ्य असावं असं वाटायला लावणारी ही गोष्ट आहे. पण काचपात्र आणि माणसाची छाती यांत फार अंतर आहे. काचपात्रात जंतू मारणारी शेकडो द्रव्यं माणसात निकामी ठरली आहेत. त्या निबंधावरून ‘अडुळशाने क्षय बरा होतो’ म्हणणं म्हणजे कुंडलीत राजयोग आहे म्हणून बँकेकडे कर्ज मागण्यासारखं आहे.

आणि याची किंमत खरी आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. सरकारी कार्यक्रमाचा साधा नियम आहे: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला राहिला की थुंकी तपासा. तपासणी फुकट, औषधं फुकट. अडुळसा क्षय बरा करत नाही, पण खोकल्याला उतार मात्र देऊ शकतो, आणि इथेच फसायला होतं. खोकला थोडा सैलावतो, माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणखी पंधरा दिवस पाहू. त्या पंधरा दिवसांत त्याच खोलीत झोपणारी नातवंडं तीच हवा आत घेत असतात. जाहिरातीत ‘आमच्या औषधाने क्षय बरा होतो’ असं छापायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच भीतीपोटी. दुकानदाराने ते वाक्य छापलं तर गुन्हा होतो, हळदीकुंकवात वाटलं तर पुण्य समजलं जातं.

उरलं छिंदवाडा. इथे मी हात जोडूनच लिहिते, कारण ती मुलं आपल्याच राज्यातली होती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेल्या वीसहून अधिक लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. कित्येकांना घेऊन आईबाप नागपूरला धावले होते. कोल्ड्रिफ नावाच्या त्या औषधात तामिळनाडू सरकारच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. चालण्याजोगी मर्यादा आहे ०.१ टक्का.

या प्रसंगाचा आधार घेऊन चिठ्ठी म्हणते, इंग्रजी औषध म्हणजे विष. पण त्या बाटलीत मारक काय होतं, ते नीट पाहा. मुलांचा जीव औषधाच्या रेणूने घेतला नाही. घेतला तो त्या पातळ पाकाने, ज्यात औषध विरघळवलेलं होतं. सिरप पातळ आणि गुळगुळीत राहावं म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असले पदार्थ घालतात. त्यांच्या जागी किंवा त्यांत मिसळून कारखान्यांत वापरायचं स्वस्त डायएथिलीन ग्लायकॉल आलं की घात होतो. १९३७ साली अमेरिकेत याने शंभराहून जास्त बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते भेसळीच्या ग्लिसरीनमुळे. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी आमच्या पिढीने रोज वर्तमानपत्रात वाचली आहे. २०२२ मध्ये गांबियात साठाहून जास्त मुलं गेली, ती भारतात बनलेल्या सिरपांशी जोडली गेली.

आता कपाटातली अडुळशाच्या सिरपची बाटली काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथेही पाक आहे. तिथेही ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल लिहिलेलं असू शकतं. विषाला पॅथी नसते. पिंपात भेसळ असली तर ती पॅरासिटामॉलच्या बाटलीत जाईल तशी अडुळशाच्याही बाटलीत जाईल, आणि बाटलीवर हिरवं पान छापलंय म्हणून परत फिरणार नाही. छिंदवाड्याचा धडा ‘इंग्रजी सोडा, देशी घ्या’ असा नाही. प्रत्येक पिंप तपासल्याशिवाय कारखान्यात शिरता कामा नये, हा एक धडा. आणि दुसरा, जो केंद्र सरकारने त्याच ऑक्टोबरात पुन्हा बजावला: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका, पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नका. मुलांचा बहुतेक खोकला आपोआप जातो. बाटली लागते ती आपल्या धीर सुटलेल्या मनाला.

बाटली नको, पानच बरं, असं कुणी म्हणेल. चला, मग सियागंजाच्या बाजारात जाऊ. इंदूर व्यापाराचं गाव. गुजरात, राजस्थान, खानदेश, माळवा यांचा माल इथे एकत्र येतो आणि मालाबरोबर नावंही येतात. आपण अडुळसा म्हणतो, हिंदीत अडूसा, गुजरातीत अरडूसी. गुजरातीतच अरडूसो म्हणजे मात्र वेगळं झाड, आपला महारुख. एका वेलांटीच्या फरकाने झुडपाचा वृक्ष होतो. सुकवलेल्या, चुरा झालेल्या पाल्यात तो फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि महारुखाची पानं अडुळशाच्या नावाने खपतात, ही भेसळ वनौषधींच्या अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाने पोत्यात काय आहे ते कळत नाही. ते कळायला कुणीतरी पान सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं.

त्याच सियागंजात, त्याच दुकानात ज्येष्ठमध मिळतं. गाणाऱ्यांच्या घशाचा जुना सोबती. हे बहुतांश अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियाकडून येतं, म्हणजे ‘देशी’ म्हणून ज्याचं कौतुक करतो तो पाहुणाच. त्याचं उदाहरण मुद्दाम देते, कारण औषधी झाडपाल्याला मान कसा द्यायचा, ते त्यातून दिसतं. शस्त्रक्रियेत भूल देताना घशात नळी घालतात, त्यामुळे नंतर घसा खवखवतो. २०१३ साली व्हिएन्नात २३६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांनी भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, निम्म्यांनी साखरेच्या पाण्याच्या. शुद्धीवर आल्यावर अर्ध्या तासाने ज्येष्ठमधवाल्या गटात १९ टक्क्यांचा घसा दुखत होता, साखरवाल्यांत ३६ टक्क्यांचा. लखनौच्या डॉक्टरांनी त्याआधीच, २००९ मध्ये असाच अनुभव मांडला होता. अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध, तीस मिलिलिटर पाणी, गुळण्या करून थुंकून टाकायच्या. मात्रा ठरलेली, वेळ ठरलेली, तुलना ठरलेली. आजीबाईच्या बटव्याला याहून मोठा मुजरा कुठला?

पण हेच ज्येष्ठमध रोज चघळून गिळत राहिलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं, रक्तदाब चढवतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या आजोबांनी महिनाभर रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतला, तर त्यांच्या हृदयाची लय बिघडू शकते. गुळण्यांचा फायदा आणि गिळण्याचा तोटा, दोन्ही गोष्टी एकाच मुळातल्या, आणि दोन्ही आपल्याला कळल्या त्या कुणीतरी मोजल्या म्हणून.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या आजीने सगळ्यांना दिलं, कुणाला काही झालं नाही.’ ज्यांना झालं ते सांगायला राहिले नाहीत, हे उत्तर देता येईल. त्या काळात घरटी किती मुलं दगावत होती, हेही विचारता येईल. पण मला आजीचीच बाजू घ्यायची आहे. आजीने कधी चिठ्ठी वाटली नाही. ती तिच्या घरातल्या माणसाला देत होती. सुनेला दिवस गेलेत का, नातवाचा खोकला कोरडा की ओला, नवऱ्याच्या थुंकीत रक्त आहे का, हे तिला माहीत होतं. तीन दिवस देऊन उतार पडला नाही तर ती वैद्याकडे माणूस धाडत होती. तिच्या ज्ञानाला कुंपण होतं, आणि कुंपणामुळेच ते ज्ञान होतं. चिठ्ठीने आजीचं पान उचललं आणि कुंपण तोडून टाकलं. मोबाइलला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. तो सातव्या महिन्यालाही पाठवतो आणि सातव्या दशकालाही.

आयुर्वेदाच्या नावाने हे सगळं चालतं, म्हणून आयुर्वेदाचंही एक गाऱ्हाणं मांडते. खोकला म्हटला की अडुळसा, हे आयुर्वेद नव्हेच. तिथे कास पाच प्रकारचा: वातज, पित्तज, कफज, क्षतज, क्षयज. अडुळसा कडू, तुरट, थंड. कफ-पित्ताच्या खोकल्यात त्याचं स्थान, कोरड्या वाताच्या खोकल्यात वैद्य दोनदा विचार करील. शिवाय मात्रा, काळ, अनुपान आणि रोग्याची प्रकृती. शासनाच्या आयुर्वेदिक औषधकोशातही वासापानाच्या ताज्या रसाची मात्रा दिली आहे, दहा ते वीस मिलिलिटर. ज्या शास्त्रात मात्रा लिहिलेली आहे, त्या शास्त्राने अपाय मान्य केलेलाच आहे. युक्तीने दिलं तर विषही औषध होतं आणि चुकीने दिलं तर औषधही विष होतं, हा विचार चरकसंहितेच्या अगदी पहिल्या अध्यायात आहे. चिठ्ठीचा वाद माझ्याशी नंतर, आधी चरकाशी आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक टोला दिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर अडुळशाचं नाव काढलं की हसतात, ‘पाला खाऊन कुणी बरं होतं का?’ म्हणतात, आणि त्याच हाताने अँब्रोक्सॉल लिहितात. पण खरी चूक त्या हसण्यामागच्या दुर्लक्षात आहे. रोग्याला ते कधी विचारतच नाहीत, ‘घरी काय काय घेताय?’ पेशंट सांगत नाही, कारण डॉक्टर हसतील. मग गरोदर बाई अडुळसा घेतेय, रक्तदाबाचे आजोबा ज्येष्ठमध चघळताहेत, हे कागदावर येतच नाही. भक्त म्हणतो यात अपाय नाही, टवाळ म्हणतो यात काहीच नाही. दोघांचं म्हणणं एकच: हे औषध नव्हे.

आणि ते औषध आहे. एवढंच मला म्हणायचं होतं.

रोप मी फेकलं नाही. मागच्या अंगणात, नळाच्या ओलाव्यापाशी लावलंय. अडुळसा चिवट असतो, फार लाड मागत नाही. पुढच्या थंडीत बहुधा त्याला पांढरी फुलं येतील, जबडा उघडल्यासारखी, आणि लहानपणी चोखायचो तसा त्यांच्या देठाशी थेंबभर गोडवा असेल. दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेले. भांडायला नव्हे, त्या मुलीचा पत्ता विचारायला. वहिनींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःच फोन लावला. ‘अगं, ते रोप राहू दे दारात, पण तुझं बाळंतपण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक पानही तोंडात घालू नकोस,’ असं त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितलं. मग ती चिठ्ठी उलटी करून कोऱ्या बाजूला काय लिहायचं ते मला विचारलं. आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: अडुळसा. औषधी. कफाच्या खोकल्यात, मोठ्यांना, वैद्याला विचारून. गरोदरपणी नाही. लहान मुलांना नाही. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासा.

मूळ चिठ्ठीपेक्षा ती दोन वाक्यांनी मोठी झाली. पुढच्या संक्रांतीला वहिनी पुन्हा रोपंच लुटणार आहेत. या वेळी चिठ्ठी छापायला देण्याआधी आम्ही एका वैद्यांना आणि एका डॉक्टरांना, दोघांनाही दाखवणार आहोत. दोघांनी एकाच कागदावर लाल पेनाने काही खोडलं तर मला वाटेल, झाडाचा मान राहिला.